पन्नासातला एक आणि सव्वीसातले तेरा : ड जीवनसत्त्व आणि कोविडची कोर्दोबा चाचणी

२०२०च्या ऑगस्टअखेर स्पेनमधल्या कोर्दोबा शहरातून एक छोटा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. तिथल्या रेइना सोफिया विद्यापीठ रुग्णालयात कोविडच्या न्यूमोनियानं दाखल झालेल्या ७६ रुग्णांवरची ती चाचणी होती. त्यांपैकी ५० जणांना नेहमीच्या उपचारांसोबत कॅल्सिफेडिऑल दिलं गेलं, म्हणजे ड जीवनसत्त्वाचं यकृतातून तयार होऊन बाहेर पडणारं रूप. उरलेल्या २६ जणांना फक्त नेहमीचे उपचार मिळाले. पन्नासांपैकी एकाला आयसीयूत हलवावं लागलं. सव्वीसांपैकी तेरा जणांना. पहिल्या गटात कुणी दगावलं नाही, दुसऱ्यात दोघं दगावले.

दोन टक्के आणि पन्नास टक्के. कोविडच्या पहिल्या वर्षात एवढा मोठा फरक दाखवणारे निकाल दुर्मीळच होते. साहजिकच हा आकडा जगभर फिरला. आपल्याकडे आधीच झिंक आणि क जीवनसत्त्वाच्या गोळ्यांशेजारी ड जीवनसत्त्वाची साठ हजार युनिटची पुडी घराघरांत पोचली होती. तिला आता एका चाचणीचा आधार मिळाला.

संशोधनपत्र कसं वाचावं हे शिकवताना मी हे प्रकरण पुन्हा पुन्हा वापरतो. या चाचणीत कुणी आकडे बनवले असं माझं म्हणणं नाही. आकडे खरे मानूनच पुढे जाऊ. प्रश्न असा की त्या आकड्यांवर किती भार टाकता येतो, आणि रक्तातली ड जीवनसत्त्वाची पातळी कमी असणं व श्वसनाचा विषाणूजन्य आजार बळावणं यांचं नातं नेमकं काय आहे.

लोकांना ते पटलं, त्याला कारणं होती

ड जीवनसत्त्व फक्त हाडांसाठी असतं ही समजूत केव्हाच मागे पडली आहे. त्वचेत किंवा आहारातून मिळालेलं ड३ यकृतात जाऊन २५-हायड्रॉक्सी रूप घेतं. रक्ततपासणीत आपण मोजतो ते हेच, आणि कोर्दोबात कॅप्सूलमधून दिलं तेही हेच. त्याचं पुढचं सक्रिय रूप मूत्रपिंडात बनतं, पण संसर्गाशी लढणाऱ्या पेशींतही बनतं. २००६ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं की मॅक्रोफेज पेशी जंतू ओळखते तेव्हा ती स्वतःच हे सक्रिय रूप तयार करते आणि त्यातून कॅथेलिसिडिन नावाचं जंतुनाशक प्रथिन बनवते. यंत्रणा पटण्यासारखी आहे. शिवाय फ्लू हिवाळ्यात वाढतो आणि हिवाळ्यातच युरोपातल्या लोकांची ड पातळी तळाला जाते, ही जुनी जोडी सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतीच.

आणि यातला एक दुवा आपल्या पुणे जिल्ह्यातला आहे. इंदापूरच्या रुग्णालयातला एक अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. पाच वर्षांखालची १५० मुलं होती. ८० जणांना फुप्फुसाचा तीव्र संसर्ग झालेला, तर ७० जणांना तसा काही आजार नव्हता. ज्या मुलांची पातळी लिटरला २२.५ नॅनोमोलच्या वर होती, म्हणजे आपल्या लॅबच्या भाषेत मिलीलिटरला साधारण ९ नॅनोग्रॅमच्या वर, त्यांच्यात तीव्र संसर्गाची शक्यता फार कमी आढळली. ऑड्स रेशो, म्हणजे दोन गटांतल्या शक्यतांचं गुणोत्तर (१ आलं तर फरक नाही), ०.०९ निघाला. जवळजवळ अकरापटीचा फरक. पहिले चार महिने निव्वळ अंगावरच्या दुधावर असलेल्या बाळांतही धोका कमी दिसला. उन्हाच्या देशात, इंदापूरसारख्या गावात, मुलांमध्ये ड ची एवढी कमतरता असावी हेच त्या वेळी अनेकांना नवं होतं.

थोडक्यात, कोर्दोबाचा निकाल आभाळातून पडला नव्हता. जमीन आधीच तयार होती, आणि म्हणूनच तो निकाल अधिक काटेकोरपणे वाचायला हवा होता.

पहिला तक्ता

कुठल्याही चाचणीचा पहिला तक्ता बहुतेक वाचक ओलांडून जातात. सुरुवातीला दोन्ही गट कसे होते ते त्यात लिहिलेलं असतं. कोर्दोबाच्या तक्त्यात औषध मिळालेल्या ५० पैकी १२ जणांना रक्तदाब होता, तर औषध न मिळालेल्या २६ पैकी १५ जणांना. मधुमेह पहिल्या गटात तिघांना, म्हणजे ६ टक्के. दुसऱ्यात पाच जणांना, म्हणजे १९ टक्के. कोविड कुणाला आडवं करतो हे तोवर सगळ्या डॉक्टरांना कळून चुकलं होतं, आणि त्या यादीत हे दोन्ही आजार वरच होते. गट संगणकानं पाडले होते. तरी ७६ माणसांत दैवानं असा तोल जाऊ शकतो. लहान चाचण्यांचं हे दुखणं जुनं आहे.

संशोधकांनी रक्तदाब आणि मधुमेहाचा प्रभाव वजा करून गणित पुन्हा मांडलं आणि फायदा तरीही टिकला. मात्र आयसीयूत गेलेले रुग्ण दोन्ही गट मिळून चौदा. चौदा घटनांच्या जिवावर दोन-तीन गोष्टींचा प्रभाव बाजूला काढायचा म्हटलं तर ते गणित फार डळमळीत होतं.

दुसरी गोष्ट मला त्याहून महत्त्वाची वाटते. चाचणी खुली होती, प्लासिबो (औषधासारखी दिसणारी पण औषध नसलेली गोळी) नव्हता. कुणाला कॅप्सूल मिळते आणि कुणाला नाही, हे उपचार करणाऱ्यांपासून लपवलेलं नव्हतं. आणि मोजायची गोष्ट होती आयसीयूत दाखल होणं. मृत्यू ही शरीरात घडणारी घटना आहे. आयसीयूत हलवणं हा माणसांनी घेतलेला निर्णय असतो. कोर्दोबात तो एक समिती घेत होती, एका डॉक्टरच्या मनावर सोडलेला नव्हता हे चांगलंच. पण खाटांची ओढाताण असलेल्या त्या दिवसांत ‘याला अजून वॉर्डमध्येच ठेवू’ असं म्हणताना रुग्णाला आणखी काहीतरी चालू आहे ही माहिती कुठेतरी डोक्यात असतेच. तसं झालंच असं मी म्हणत नाही. तसं झालं नाही याची खात्री ही रचना देऊ शकत नाही, एवढंच म्हणतो.

तिसरी गोष्ट अनेकांच्या नजरेतून निसटली. या चाचणीत एकाही रुग्णाची ड पातळी मोजलेली नव्हती. उपचाराआधी नाही आणि नंतरही नाही. म्हणजे ‘ज्यांची पातळी कमी त्यांना कोविड गंभीर होतो, हे कोर्दोबानं सिद्ध केलं’ हे वाक्य मुळापासूनच चुकीचं आहे. पातळीबद्दल या चाचणीत काहीच नव्हतं.

दोन्ही गटांना नेहमीचे उपचार म्हणून हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आणि अ‍ॅझिथ्रोमायसिन दिलं गेलं होतं, हेही इथे नोंदवायला हवं. पुढे मोठ्या चाचण्यांत दोन्ही औषधं रुग्णालयातल्या कोविड रुग्णांसाठी निरुपयोगी ठरली. कोर्दोबाच्या लेखकांनी स्वतःच या अभ्यासाला प्राथमिक चाचणी म्हटलं होतं आणि मोठी चाचणी हवी असं लिहिलं होतं. ते वाक्य फॉरवर्ड करणाऱ्यांनी गाळलं.

बार्सिलोना आणि साओ पावलो

२०२१च्या सुरुवातीला बार्सिलोनातल्या रुग्णालयातून आणखी मोठा दावा आला. कॅल्सिफेडिऑलनं मृत्यू साठ टक्क्यांनी कमी झाले असं सांगणारं पूर्वप्रकाशन, म्हणजे तज्ज्ञांनी अजून न तपासलेला निबंध, ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या प्रीप्रिंट मंचावर चढलं, आणि ब्रिटनमधल्या एका खासदारानंही ते उचलून धरलं. थोड्याच दिवसांत ते मंचावरून काढलं गेलं. अभ्यासाला यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडलेला, म्हटलं होतं, पण रुग्णांची वाटणी वॉर्डांनुसार झाली होती. काही वॉर्डांत औषध दिलं, काहींत नाही. वॉर्ड बदलला की डॉक्टर बदलतात, परिचारिका बदलतात, कुठला रुग्ण कुठे पाठवायचा याचे निकष बदलतात. नंतर हाच अभ्यास निरीक्षणात्मक म्हणून, म्हणजे चाचणी न म्हणता नुसती नोंद म्हणून, प्रसिद्ध झाला, आणि ते योग्यच झालं.

त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत ‘जामा’ या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात ब्राझीलची चाचणी आली. साओ पावलोतल्या दोन रुग्णालयांतले २४० रुग्ण, प्लासिबोसह, दोन्ही बाजूंना गट माहीत नाहीत अशी रचना. औषध गटाला ड३ चे दोन लाख युनिट एकदम दिले. आपल्या पुड्यांच्या हिशेबात तीनहून थोडं जास्त. इथे पातळी मोजली होती. ती सरासरी २१ नॅनोग्रॅमवरून ४४ वर गेली. औषध पोटात गेलं, रक्तात उतरलं, आकडा दुप्पट झाला. आणि रुग्णालयातला मुक्काम? दोन्ही गटांत मध्यक सात दिवस. मृत्यू औषध गटात ७.६ टक्के, प्लासिबोत ५.१. आयसीयू १६ टक्के आणि २१.२. यातला कुठलाच फरक योगायोगापलीकडचा नव्हता.

यावर घेतले गेलेले आक्षेप मला पोरकट वाटत नाहीत. ब्राझीलमध्ये ड३ दिलं, आणि त्याचं २५-हायड्रॉक्सी रूप व्हायला यकृतात वेळ जातो. कोर्दोबात तयार रूपच दिलं होतं. ब्राझीलच्या रुग्णांना औषध मिळेपर्यंत लक्षणं सुरू होऊन सरासरी दहा दिवस लोटले होते. तोवर विषाणूचा जोर ओसरून शरीराची स्वतःचीच दाहक प्रतिक्रिया घात करू लागते. एकदम मोठा डोस देणं आणि रोज थोडं देणं यांचा परिणाम सारखा नसतो, हेही आधीच्या अभ्यासांत दिसलं होतं. आक्षेप रास्त आहेत, पण ते ‘अजून तपासायला हवं’ इथपर्यंतच नेतात. ‘कोर्दोबा बरोबर होतं’ इथपर्यंत नेत नाहीत. अर्जेंटिनात मग पाच लाख युनिटचा डोस देऊन पाहिला. तिथेही आजाराच्या तीव्रतेत फरक पडला नाही.

‘स्वस्त औषध आहे, कंपन्यांना नफा नाही, म्हणून दाबलं गेलं’ हे मी अनेक सुशिक्षित लोकांकडून ऐकलं आहे. त्यांना मी डेक्सामेथासोनची आठवण देतो. काही रुपयांत मिळणारं, साठ वर्षांपासून वापरात असलेलं स्टिरॉइड. २०२०च्या जूनमध्ये ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीनं २,१०४ रुग्णांना ते दिलं, ४,३२१ जणांशी तुलना केली आणि व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत मृत्यू ४१ टक्क्यांवरून २९ वर आल्याचं दाखवलं. काही आठवड्यांत ते जगभर नेहमीचा उपचार झालं. त्याच काळातलं, तेवढंच स्वस्त औषध. त्याला दाबायला कुणी आलं नाही, कारण पुरावा भक्कम होता.

गुडघ्याच्या शस्त्रक्रियेतून मिळालेलं उत्तर

मग इतक्या निरीक्षणांत कमी पातळी आणि गंभीर आजार हातात हात घालून का दिसतात? याचं मला सर्वांत पटणारं उत्तर फुप्फुसांच्या संशोधनातून आलेलं नाही. ते गुडघ्याच्या सांधेबदल शस्त्रक्रियेतून आलं आहे.

२०११ मध्ये स्कॉटलंडमधल्या संशोधकांनी नियोजित गुडघे-शस्त्रक्रियेच्या ३३ रुग्णांची ड पातळी आधी आणि नंतर वारंवार मोजली. हे लोक कसल्या संसर्गानं आजारी नव्हते. शस्त्रक्रिया झाली, शरीरात दाह उसळला, सीआरपी (दाहाचं प्रमाण दाखवणारं रक्तातलं प्रथिन) चढला, आणि दोन दिवसांत ड पातळी सुमारे ४० टक्क्यांनी खाली आली. दोन दिवसांत कुणाच्या आहारातलं किंवा उन्हातलं ड संपत नाही. दाह सुरू झाला की रक्तातली वाहक प्रथिनं कमी होतात, शिरेतून दिलेल्या सलाइननं रक्त थोडं पातळ होतं, आणि मोजलेला आकडा घसरतो.

आता हेच कोविड वॉर्डात ठेवून पाहा. ज्याचा दाह जास्त त्याचा आजार जास्त, आणि त्याची पातळी अधिक कमी. बाण उलटा आहे. कावीळ झाली की डोळे पिवळे होतात, पण डोळ्यांत थेंब घालून कावीळ उतरत नाही. दाखल झाल्यावर रक्त घेऊन केलेले अभ्यास ‘कमी पातळीवाले जास्त दगावले’ असं सांगतात तेव्हा त्यांतला बराच भाग हा असतो.

दुसरा भाग अधिक साधा आहे. वय वाढलं की त्वचेत ड कमी बनतं. वजन जास्त असलं की ते चरबीत वाटलं जातं आणि रक्तातला आकडा खाली राहतो. मधुमेही, अंथरुणाला खिळलेले, वृद्धाश्रमातले, घराबाहेर न पडणारे, या सगळ्यांची पातळी कमी आणि या सगळ्यांनाच कोविडचा धोका जास्त. ब्रिटनच्या बायोबँकेत, म्हणजे लाखो लोकांचे नमुने आणि आरोग्याच्या नोंदी जपणाऱ्या संग्रहात, २००६ ते २०१० दरम्यान घेतलेल्या रक्ताचे आकडे होते, म्हणजे कोविडच्या आधी दशकभराचे. तिथे आजाराचा परिणाम पातळीवर होणं शक्यच नव्हतं. सुरुवातीला कमी पातळी आणि कोविड यांचा संबंध दिसला. वजन, वंश, आर्थिक स्थिती वगैरे हिशेबात धरल्यावर तो उरला नाही.

इंदापुरानंतर दिल्ली आणि काबूल

इंदापूरच्या त्या अकरापटीचं पुढे काय झालं, याची माहिती फार थोड्यांना असते. निरीक्षण झालं, मग लोकांनी योग्य तेच केलं. चाचण्या केल्या. दिल्लीत तीव्र न्यूमोनियानं दाखल झालेल्या २०० मुलांना पाच दिवस ड जीवनसत्त्व किंवा प्लासिबो दिलं. बरं होण्याच्या वेळेत फरक पडला नाही. काबूलमध्ये तर तीन हजारांहून अधिक तान्ह्या बाळांना दर तीन महिन्यांनी एक लाख युनिट, असं दीड वर्ष दिलं. काबूलचा हिवाळा कडक, बाळं कपड्यांत गुंडाळलेली, मुडदूस सर्रास. फायदा दिसायचाच तर तिथे दिसायला हवा होता. न्यूमोनियाचा दर ड घेतलेल्या बाळांत वर्षाला दर बाळामागे ०.१४५ आणि न घेतलेल्यांत ०.१३७. निकाल २०१२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला.

इंदापूरचा अभ्यास यामुळे वाया जात नाही. ज्या घरात बाळाला ऊन मिळत नाही, निव्वळ अंगावरचं दूध मिळत नाही, चूल आणि माणसं एकाच खोलीत आहेत, त्या घरात पातळीही कमी आणि छातीही भरलेली. पातळीनं त्या मुलांचं दारिद्र्य मोजलं होतं. ते मोजमाप खरंच होतं.

रोज थोडं घेतलं तर?

सर्वांत गंभीरपणे घ्यावा असा प्रश्न हा आहे, आणि त्याचं उत्तर हळूहळू बदलत गेलं. २०१७ मध्ये लंडनमधल्या संशोधकांच्या नेतृत्वाखाली २५ चाचण्यांतल्या १०,९३३ लोकांची माहिती एकत्र केली गेली. ड घेणाऱ्यांत श्वसनसंसर्गाचा ऑड्स रेशो ०.८८ निघाला, म्हणजे माफक फायदा. तो रोज किंवा आठवड्याला थोडं घेणाऱ्यांत दिसला, एकदम मोठा डोस घेणाऱ्यांत नाही. ज्यांची पातळी सुरुवातीला १० नॅनोग्रॅमच्या खाली होती त्यांच्यात फायदा बराच मोठा वाटला. २०२१ मध्ये ४३ चाचण्या धरून गणित पुन्हा केलं, तेव्हा तो आकडा ०.९२ झाला. २०२५ मध्ये तो ०.९४ वर आला, आणि त्या अंदाजाची वरची मर्यादा १ ला टेकली, म्हणजे फायदा आहे असं खात्रीनं म्हणण्याची सोय राहिली नाही. जितकी माणसं वाढली तितका फायदा आकसत गेला.

दरम्यान कोविडसाठी थेट दोन मोठ्या चाचण्या झाल्या, दोन्ही २०२२ मध्ये ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आल्या. ब्रिटनमध्ये ६,२०० प्रौढांपैकी निम्म्यांची पातळी तपासून, कमी असणाऱ्यांना रोज ८०० किंवा ३,२०० युनिट देऊ केले. श्वसनसंसर्ग झाला ३,२०० वाल्या गटात ५.७ टक्क्यांना, ८०० वाल्यात ५ टक्क्यांना आणि काहीच न देऊ केलेल्यांत ४.६ टक्क्यांना. नॉर्वेत ३४,७४१ लोकांनी हिवाळाभर रोज पाच मिली कॉड लिव्हर ऑइल किंवा त्याच्यासारखं दिसणारं मक्याचं तेल घेतलं. कोविड एका गटात १.३१ टक्क्यांना, दुसऱ्यात १.३२. नॉर्वेच्या बहुतेकांची पातळी आधीच बरी होती, त्यामुळे हा निकाल पेठेतल्या बंद फ्लॅटमध्ये राहणाऱ्या किंवा पूर्ण अंग झाकून बाहेर पडणाऱ्या माणसाला जसाच्या तसा लावता येणार नाही. १० नॅनोग्रॅमच्या खाली असलेल्या मोठ्या भारतीय गटाला रोज छोटा डोस देऊन श्वसनसंसर्ग मोजणारी भक्कम चाचणी मला पाहायला आवडेल. पैसा लावायचाच तर तिथे लावावा.

दवाखान्यात याचा अर्थ

तापात पातळी तपासू नये. दाहामुळे आकडा खाली दिसतो, घाबरगुंडी उडते आणि दीड-दोन हजारांचं बिल होतं. खरोखर शंका असेल, म्हणजे हाडं दुखताहेत, पायऱ्या चढताना मांड्यांत जोर राहत नाही, गर्भारपण आहे, वृद्ध व्यक्ती घरातून बाहेर पडत नाही, तर ताप उतरून काही आठवडे गेल्यावर तपासावं, किंवा न तपासताच रोजचा छोटा डोस सुरू करावा. २०२४ मध्ये अमेरिकेच्या एंडोक्राइन सोसायटीनं हेच धोरण मांडलं. निरोगी प्रौढांची सरसकट तपासणी नको. १ ते १८ वयाच्या मुलांना, पंचाहत्तरीपुढच्यांना आणि गर्भवतींना मात्र न तपासता ड देण्यास हरकत नाही. मुलांच्या बाबतीत मुडदूस टाळणं आणि श्वसनसंसर्गाचा धोका कदाचित कमी होणं, ही दोन्ही कारणं त्यांनी दिली आहेत.

साठ हजाराची पुडी आठवड्यातून एकदा, ठरावीक आठवडे घ्यायची असते. कमतरतेवरचं ते औषध आहे. सर्दी झाली म्हणून रोज एक अशी आठवडाभर दुधात ढवळून घेतली तर चार लाख वीस हजार युनिट पोटात जातात, ब्राझीलच्या डोसच्या दुप्पट. महिनोन्‌महिने असं चाललं तर रक्तातलं कॅल्शियम वाढतं. भूक मरते, बद्धकोष्ठ होतो, लघवी सारखी लागते, माणूस गोंधळल्यासारखा वागतो, मूत्रपिंडावर ताण येतो. घरात कुणी वयस्कर माणूस असं वागू लागलं तर औषधांच्या डब्यात पुड्यांची रिकामी पाकिटं किती आहेत तेवढं आधी मोजावं आणि डॉक्टरांना सांगावं. कॅल्शियमची तपासणी लगेच होते.

छातीत दम लागणं, ऑक्सिजन ९४ च्या खाली जाणं, मुलाच्या बरगड्या आत ओढल्या जाणं, यातलं काहीही दिसलं तर ड पातळीचा विचार त्या दिवशी करायचा नसतो. त्या दिवशी रुग्णालय गाठायचं असतं. घरातल्या साठीपुढच्यांना आणि मधुमेहींना फ्लूची लस दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर द्यावी. गंभीर आजार टाळण्याचा पुरावा तिच्यामागे कितीतरी जास्त आहे.